मोकळी झाली का?

गेल्या पावसाळ्यात माझी भाची एक प्रश्न घेऊन घरी आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर तिनं मला एक जाहिरात दाखवली. आफ्रिकेतल्या एका देशात, तिथल्या इस्पितळाच्या बाळंतपणाच्या खोलीत सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करायचं. विमानभाडं आपलं, राहण्याखाण्याचे पैसे आपले, वर संस्थेची फी. आणि खाली ठळक अक्षरांत, अनुभव नसला तरी चालेल.

"मामू, इथं आम्हाला भिंतीला टेकून नुसतं बघायला मिळतं," ती म्हणाली. "तिथं स्वतःच्या हातानं बाळंतपण करायला मिळेल. जाऊ का?"

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. कविता लिहितो. बाळंतपणाबद्दल कुणी माझा सल्ला घ्यावा असं माझ्यात काही नाही. पण मी सुईणीचा नातू आहे, आणि भाची त्याच सुईणीची पणती. त्यामुळे प्रश्न चुकीच्या दारात आला असंही म्हणता येईना.

माझी दादी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाची सुईण होती. गाव तिला मुलाणीण आजी म्हणायचं. वाड्यावरची असो की वस्तीवरची, कुणाच्या कळा सुरू झाल्या की रात्रीबेरात्री कंदील आमच्या दाराशी यायचा. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारायच्या, "मोकळी झाली का?" पुढं मी शब्दांच्या नादी लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपल्या भाषेत बाई बाळंत होते तेव्हा ती मोकळी होते, तिची सुटका होते. आणि तसं झालं नाही तर ती अडते. अडली. एवढा एक शब्द दादीच्या तोंडून निघाला की घरातल्या पुरुषांचे चेहरे उतरायचे.

दादीला आपल्या हाताची हद्द माहीत होती. ती म्हणायची, "एक रात देखती मैं. दुसरी रात नक्को. गाडी जोडो." मग बैलगाडीत पेंढा टाकून बाईला तालुक्याला न्यायचं. तिचं सगळंच शहाणपणाचं होतं असं मात्र नाही. तिनं वर्षानुवर्षं नाळ कापायला विळा वापरला. पुढं सरकारी प्रशिक्षणात तिला ब्लेड आणि उकळलेला दोरा मिळाला. त्याआधीची किती बाळं गेली असतील ते अल्लाला ठाऊक. पण ही दुसऱ्या रात्रीची गोष्ट तिला कुणी न शिकवता कळलेली होती.

तिच्या पोटच्या लेकीला मात्र ती उपयोगी पडली नाही. ही माझी फुफू, वडिलांची थोरली बहीण. पहिलटकरीण माहेरी यायची, पण त्या वर्षी पाऊस धरून बसला, नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, आणि सासर पलीकडं. फुफू चार दिवस अडली. मूल पोटातच गेलं. ती जगली, आणि महिन्याभरात तिला माहेरी आणून सोडलं. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट. मी पाहिली ती परड्याकडच्या खोलीत राहणारी, सतत कपडे धुणारी बाई. तिचं लघवीवर नियंत्रण राहिलं नव्हतं. लग्नाकार्यात ती बाहेर येत नसे. त्या खोलीला एक वास होता आणि आम्ही पोरं तिकडं जात नव्हतो. आज हे सांगायला लाज वाटते, पण आम्ही जात नव्हतो.

फुफूच्या दुखण्याचं नाव मला कळलं तेव्हा तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. ते मला एका पुस्तकात सापडलं. कॅथरीन हॅम्लिन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरबाईंचं 'द हॉस्पिटल बाय द रिव्हर', २००१ साली निघालेलं. त्या दुखण्याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. आपल्याकडं ज्याला भगंदर म्हणतात ते वेगळं, हे बाळंतपणातलं. मूल वाटेत अडकतं, त्याचं डोकं आईच्या ओटीपोटाच्या हाडावर दिवसचे दिवस दाबून राहतं, मधल्या नाजूक भागाचं रक्त तुटतं आणि तो भाग मरतो. काही दिवसांनी तिथं भोक पडतं, मूत्राशयाला, कधी मलाशयालाही. मग आयुष्यभर गळती. उर्दूत याला नासूर म्हणतात. गझलेत हा शब्द ढिगानं येतो, मीही वापरला आहे, आणि वापरताना परड्याकडची खोली मला एकदाही आठवली नव्हती.

तर भाचीला मी हॅम्लिनबाईंची गोष्ट सांगायला बसलो. तीही जाहिरातीपासूनच सुरू होते.

१९५८ साली 'द लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात एक जाहिरात आली. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा इथल्या राजकन्या त्सेहाय स्मारक रुग्णालयात परिचारिकांसाठी सुईणपणाची शाळा काढायची आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ हवा. ती सिडनीच्या कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन यांनी वाचली. दोघंही बाळंतपणाच्या कामात मुरलेले. रेजिनाल्ड मूळचे न्यूझीलंडचे, बायकोहून पंधरा वर्षांनी मोठे, सिडनीतल्या क्राउन स्ट्रीट स्त्री रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले. तीन वर्षांचा करार करून, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन १९५९ साली ते आदिस अबाबात उतरले. त्यांच्या जाहिरातीत अनुभव नसला तरी चालेल असं नव्हतं, एवढं मी भाचीला जाता जाता ऐकवलं. तिनं तोंड वाकडं केलं.

इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातला हबसाण, हबशांचा मुलूख. तो आपल्याला अगदी परका नाही. मलिक अंबर तिथूनच गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आला, निजामशाहीचा कारभार त्यानं सांभाळला, आणि पुढं औरंगाबाद झालेलं खडकी वसवलं. मुसलमान घरातल्या मुलाला तर हबशा लहानपणीच भेटतो, कारण मक्केत छळ झालेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो तिथल्या ख्रिस्ती राजानं. असो, विषयाकडं येतो.

ज्या राजकन्येचं नाव त्या रुग्णालयाला होतं तिची हकिगत मला विलक्षण वाटते. त्सेहाय म्हणजे सूर्य. सम्राट हैले सेलासी यांची ही मुलगी. १९३६ साली इटलीनं देश बळकावल्यावर राजघराणं इंग्लंडमध्ये परागंदा झालं, तेव्हा तिनं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात रीतसर परिचारिकेचं शिक्षण घेतलं. देश सुटल्यावर ती परतली, लग्न झालं, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये बाळंतपणातल्या गुंतागुंतीनं गेली. वय बावीस. सम्राटाची मुलगी, त्यात शिकलेली परिचारिका, तिची ही गत. मग डोंगरापलीकडच्या खेड्यातल्या पोरीचं काय होत असेल? तिच्या स्मारकाच्या रुग्णालयासाठी इंग्लंडात पैसा जमवला तो सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी, बायकांच्या मताधिकारासाठी तुरुंग भोगलेल्या बाईंनी.

हॅम्लिन पती-पत्नी पोचली त्याच दिवशी तिथल्या एका डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की फिस्टुलाच्या बायका पाहून तुमचं काळीज फाटेल. दोघांनी तोवर असा एकही रुग्ण पाहिला नव्हता. जिथं अडलेल्या बाईचं वेळेत सिझेरियन होतं तिथं हे दुखणं दिसतच नाही. इथं मात्र बायका दारात येऊन बसत होत्या. काही कित्येक दिवस चालून आलेल्या. काहींना बसमधून प्रवाशांनी वासामुळं खाली उतरवलेलं. गळती थांबेल या आशेनं वर्षानुवर्षं अंग मुडपून पडून राहिल्यानं काहींचे पाय आखडलेले. बहुतेक जणी कोवळ्या वयाच्या, अर्धपोटी वाढलेल्या, कंबरेचं हाड पुरतं भरण्याआधी दिवस गेलेल्या. आणि बहुतेकींना नवऱ्यानं टाकलेलं.

उपचार येत नव्हता, मग शिकायचं कुठून? त्यांनी जगभरातल्या जाणत्यांकडून शस्त्रक्रियेची चित्रं आणि टिपणं मागवली. त्यांत कैरोचे नजीब महफूज पाशा होते. वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटेल, पण हे ते कादंबरीकार नव्हेत. १९११ साली कैरोतल्या एका मुसलमान घरात एक बाई अशीच अडली होती, आणि या ख्रिस्ती डॉक्टरनं तिची सुटका केली. आईबापांनी कृतज्ञतेनं मुलाला डॉक्टरचं सबंध नाव ठेवलं, नजीब महफूज. त्या मुलाला १९८८ साली साहित्याचं नोबेल मिळालं. लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण या शस्त्रक्रियेचा उगम इतका सुंदर नाही. ती पहिल्यांदा यशस्वीपणे बसवली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरनं, १८४५ ते १८४९ या काळात. कुणावर? गुलाम बायकांवर. त्यांतल्या तिघींची नावं त्यानं लिहून ठेवली, अनार्का, बेट्सी आणि लुसी. एकट्या अनार्कावर त्यानं सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया केली, भूल न देता. बाईनं होकार दिला की नकार, हा प्रश्नच नव्हता, कारण तिचं शरीर मालकाचं. सिम्सनं पुढं न्यूयॉर्कमध्ये १८५५ साली बायकांचं रुग्णालय काढलं. तिथं फिस्टुलाच्या बायका येत होत्या. पुढं अमेरिकेत बाळंतपणं सुधारली आणि त्या येईनाशा झाल्या. त्या रुग्णालयाच्या एका जुन्या इमारतीच्या जागी आज वॉल्डॉर्फ अस्टोरिया हे बडं हॉटेल आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्सचा पुतळा २०१८ साली काढून टाकला. पुतळा काढणं बरोबरच झालं असं मला वाटतं. पण हेही खरं, की पुढं ज्या हजारो जणी बऱ्या झाल्या त्या अनार्काच्या यातनांवर. स्वयंसेवा हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातला 'स्वयं' अनार्काच्या वाट्याला आला नव्हता.

आदिस अबाबात पहिल्या वर्षी हॅम्लिनांनी तीसएक बायकांवर शस्त्रक्रिया केली. बऱ्या झालेल्या बायकांनी आपापल्या भागात जाऊन सांगितलं आणि रांग वाढली. तीन वर्षांत आकडा तीनशेच्या घरात गेला. इकडं ज्या कामासाठी बोलावलं ती सुईणींची शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली तयार करून सरकारनं बंद केली. करार संपला, पण ते परत गेले नाहीत. १९७४ साली त्यांनी शहराच्या कडेला नदीकाठी फक्त फिस्टुलाच्या बायकांसाठी रुग्णालय उघडलं. त्याच वर्षी सम्राटाला पदच्युत करून लष्करानं सत्ता घेतली, मग रक्तपात, मग दुष्काळ. पुष्कळ परदेशी माणसं निघून गेली. हे राहिले. उपचार फुकट. शंभरातल्या नव्वदहून अधिक जखमा मिटायच्या. घरी जाताना प्रत्येकीला नवा पोशाख आणि बसभाडं. अंगावर पांघरायला लोकरी चौकोन जोडून केलेली रंगीबेरंगी पांघरुणं, ती दूरदेशीच्या बायका घरी विणून पाठवायच्या. आपल्या गोधडीचीच बहीण म्हणा.

आता ज्या बाईसाठी मी ही सगळी गोष्ट भाचीला सांगितली तिच्याकडं येतो. मामितु गाशे. १९६२ च्या सुमारास डोंगराळ खेड्यातून आणलेली, वय सोळाच्या आसपास. चार दिवस अडलेली, मूल गेलेलं. शस्त्रक्रिया झाली, पण ती पूर्णपणे बरी होण्यासारखी नव्हती, म्हणून तिथंच राहिली. आधी ती खाटांवरच्या चादरी बदलायची. मग शस्त्रक्रियेच्या खोलीत रेजिनाल्डना हत्यारं हातात द्यायला लागली. तिचं बघणं आणि तिचा हात डॉक्टरांनी हेरला, आणि हळूहळू, आधी एखादा टाका, मग अर्धी जखम, असं करत करत ती शस्त्रक्रिया करू लागली. तोवर तिला लिहितावाचता येत नव्हतं. अक्षरं ती नंतर रात्रशाळेत शिकली. १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं हॅम्लिन पती-पत्नीबरोबर तिलाही सुवर्णपदक दिलं. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन फिस्टुलाची शस्त्रक्रिया शिकायला डॉक्टर तिथं येत, त्यांना शिकवणाऱ्यांत ही मामितु असे. त्या रुग्णालयातल्या कितीतरी मदतनीस बाया आधी तिथल्याच रुग्ण होत्या. खाटेवरच्या बाईला वेगळं काही समजावून सांगावं लागत नसे.

भाची म्हणाली, "म्हणजे तिनं पण अनुभव नसतानाच सुरू केलं की."

मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. मग म्हणालो, "चादरीपासून सुरू केलं."

रेजिनाल्ड १९९३ साली वारले. कॅथरीनबाई काम करीत राहिल्या. ज्या जखमा मिटतच नाहीत अशा बायकांसाठी शहराबाहेर वस्ती झाली, देस्ता मेंदेर, म्हणजे आनंदाचं गाव. २००५ पासून पुढच्या पाच वर्षांत बाहिर दार, मेकेले, यिर्गालेम, हरार, मेतू अशी पाच ठिकाणी छोटी रुग्णालयं निघाली. हरार म्हणजे मलिक अंबर ज्या भागातला असं सांगतात तो भाग.

बाईंची थोरवी गाणारं पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण मला त्यांच्या कामातली एक टोचणी जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती त्यांनाही होतीच. जखमा कितीही शिवल्या तरी डोंगरापलीकडं नव्या होत राहणार. गळक्या छपराखाली पातेली किती मांडायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी पन्नास हजार ते एक लाख बायकांना हे दुखणं नव्यानं होतं. त्यावर इलाज एकच, अडली हे पहिल्या दिवशी ओळखणारी बाई गावात पाहिजे, आणि गाडी पाहिजे. म्हणजे माझ्या दादीचं 'दुसरी रात नक्को'.

२००७ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, कॅथरीनबाईंनी सुईणींचं महाविद्यालय सुरू केलं. जे करायला १९५९ साली आल्या होत्या, तेच, अठ्ठेचाळीस वर्षांनी. खेड्यापाड्यांतल्या मुली निवडायच्या, फुकट शिकवायचं, त्या बदल्यात त्यांनी ठरावीक वर्षं आपल्याच भागातल्या आरोग्यकेंद्रात काम करायचं. एकटीला पाठवायचं नाही, निदान दोघी बरोबर. २०१० साली पहिली तुकडी बाहेर पडली. बाई १८ मार्च २०२० रोजी आदिस अबाबातच वारल्या, वय शहाण्णव. तोवर त्या रुग्णालयांतून साठ हजारांवर बायका उपचार घेऊन गेल्या होत्या.

यात आनंदीबाई जोशींची आठवण येणं साहजिक आहे. चौदाव्या वर्षी कल्याणला त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं. त्यातून डॉक्टर व्हायचं ठरलं आणि त्या समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. १८८६ साली एम. डी. झाल्या, त्यांचा प्रबंधही बाळंतपणाच्या शास्त्रावरचाच. त्या परदेशी गेल्या त्या शिकून परत येण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, ती गोष्ट आपल्याला माहीत आहे.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि चिडली. "म्हणजे जाऊ नको, असंच ना?"

मी तसं म्हणालो नाही. जा म्हणालो, नर्सिंग पुरं कर, शंभर बाळंतपणं इथं जाणत्या सिस्टरच्या हाताखाली कर, मग जिथं बोलावतील तिथं जा. आणि आत्ताच जायचं असेल तर एक गोष्ट विचारून घे. त्या टेबलावर जी पडलेली असेल, पहिलटकरीण, कळा देणारी, तिला कुणी विचारलंय का, की बाई गं, हिनं आजवर एकही बाळंतपण केलेलं नाही, हिचा हात चालेल का? इथल्या दवाखान्यात तुला भिंतीला टेकून उभं करतात ते कुणाच्या भल्यासाठी?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मोबाइल पालथा ठेवला होता. मग म्हणाली, "मामू, फुफूदादीचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही पोरं तिला 'मागची फुफू' म्हणायचो, वडील 'आपा' म्हणायचे. शाळेत ती गेली नव्हती, रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं, कब्रीवर दगड नाही. अलाबामातल्या तीन गुलाम बायकांची नावं मला तोंडपाठ, आणि ही माझ्या घरातली. शेवटी कराडला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या चुलतीला फोन लावला. तिला कानानं कमी ऐकू येतं, तीनदा ओरडून विचारावं लागलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग नाव सांगितलं, आणि रडायला लागली.

भाचीनं ते वहीत लिहून घेतलं. जाहिरातीचा फॉर्म तिनं अजून भरलेला नाही आणि काढूनही टाकलेला नाही.